थोरलीची ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, ज्यांच्या दवाखान्यात आमचा सगळा गोंधळ नऊ वर्षं सुखाने नांदला ते आमचे डॉक्टरसाहेब. माझं भाषण लांबलं तर घड्याळ दाखवायचं काम ज्यांनी मोठ्या आनंदाने पत्करलं आहे ते सूत्रधार. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते मास्तर. नको नको म्हणत असताना आपण ज्यांना ओढून वर बसवलं त्या वहिनी. आणि समोर बसलेल्या श्रोत्यांनो. श्रोते हा शब्द मी नुसता रीत म्हणून वापरत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनी आम्हाला आजवर पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. आमची तोंडं बघून कुणाची निराशा झाली असेल, तर त्याला माझा इलाज नाही.

मी बोलणारी बाई नाही. नऊ वर्षं 'कोण आलंय?' या आपल्या पॉडकास्टवर बाकीचे बोलले, गायले, हसले आणि मी काचेच्या पलीकडे बसून ते टिपून घेतलं. त्याआधी सतरा वर्षं त्याच काचेच्या पलीकडे बसून मी लोकांचे कान तपासत होते. रुग्णाच्या कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच काम. तरी त्यातही माणसं गंमत करतात. मी काहीच वाजवलेलं नसताना कुणीकुणी बटण दाबायचं. विचारलं तर म्हणायचं, आला ना आवाज. सुरुवातीला मी वाद घालायची. पुढे नुसतं कागदावर टिंब करायला शिकले.

कान-नाक-घशाचे आमचे डॉक्टरसाहेब निवृत्त झाले. पण ती खोली, एक यंत्र आणि मी, या तीन जुन्या वस्तू त्यांनी मोडीत काढल्या नाहीत. भिंतींना जाड गाद्या, दार वीतभर जाडीचं. सूत्रधार ती खोली बघायला आले, दार लावून आत टाळी वाजवून पाहिली आणि मला म्हणाले, "इथे माणूस ओरडला तरी बाहेर कळणार नाही. उत्तम." मला प्रश्न पडला, यांचा धंदा नेमका आहे तरी कसला?

धंदा तुम्हाला ठाऊक आहे. गाणारा-वाजवणारा एक पाहुणा बोलवायचा. त्याने एखादं गाणं म्हणायचं, मग सूत्रधारांशी गप्पा. गप्पा रंगात आल्या की दारावर टकटक. सूत्रधार विचारणार, "कोण आलंय?" आणि मास्तर कुणीतरी होऊन आत येणार. कोण होऊन येणार हे पाहुण्याला माहीत नसायचं, सूत्रधारांना नसायचं आणि दारापर्यंत येईस्तोवर खुद्द मास्तरांनाही नसायचं. उसनी घेतलेली उचकी परत करायला आलेले गृहस्थ तुम्हाला आठवत असतील. सावलीने राजीनामा दिला म्हणून नवीन सावलीच्या शोधात आलेला साहेब आठवत असेल. त्या भागात बासरीवाल्या पाहुण्याला इतकं हसू फुटलं, की पुढचा अर्धा तास बासरीत फुंकच जाईना.

मास्तर आमच्याकडे आले ते रुग्ण म्हणून, दवाखाना बंद होता होता. ते गाडी चालवायला शिकवायचे. वहिनींची तक्रार होती की यांना ऐकू येत नाही, सांगितलेलं एक काम लक्षात राहत नाही. मी तपासलं. कान ठणठणीत. वहिनी, तो रिपोर्ट मी तुमच्याच हातात दिला होता, तुम्ही काय समजायचं ते समजलात. पण तपासणी चालू असताना दर वेळी बटण दाबताना हा माणूस वेगवेगळ्या आवाजात उत्तर देत होता. एकदा म्हातारा, एकदा तालुक्याचा साहेब, एकदा मांजर. सूत्रधार खोली घेऊन आठवडाच झाला होता. मीच त्यांना म्हटलं, एक माणूस ऐकून बघा.

आमच्या खेळाला एकच नियम. समोरचा जे म्हणेल ते खरं धरायचं, आणि नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की खेळ तिथेच बसतो. हा नियम मास्तरांना इतका आवडला की काय सांगू. मला म्हणाले होते, "अहो, बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून मी नाही, नको, थांबा, एवढंच बोलतोय. आठवड्यातून एक तास हो म्हणायला मिळतंय. मला दुसरं काही नको."

आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मास्तरांना सूर कळत नाही. गायला येत नाही असं मी म्हणत नाही, तसे आपण पुष्कळ आहोत. कळतच नाही. एकदा गंमत म्हणून मी त्यांना यंत्रावर सुरांच्या वीस जोड्या ऐकवल्या. दुसरा सूर पहिल्यापेक्षा चढा की उतरता, एवढंच सांगायचं. मास्तरांनी सहा बरोबर सांगितल्या. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी दहा आल्या असत्या. एका गायकाने तर त्यांना हात जोडून विनंती केली होती, की माझ्या गाण्यावर टाळीसुद्धा धरू नका.

आता खरं बोलायचं ते बोलते. मास्तर आपल्याला सोडून का चाललेत, हा प्रश्न पत्रांतून तुम्ही मला शंभरदा विचारलात. मी उत्तर दिलं नाही. आज देते. मास्तरांना याची कल्पना नाही. एका व्यक्तीची परवानगी मात्र घेतली आहे, आणि ती व्यक्ती या सभागृहात आहे.

सात महिन्यांपूर्वी आमच्याकडे पाहुण्या म्हणून धाकट्या बाई आल्या. त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघींचं पडदे शिवायचं दुकान होतं. समोरासमोर दोन शिवणयंत्रं, पायाने चालवायची. पाय चालू असताना दोघी गायच्या. थोरली वरची ओळ, धाकटी खालची. हळूहळू लोक बोलवायला लागले, लहान लहान कार्यक्रम झाले, बऱ्यापैकी नाव झालं. मग थोरली आजारी पडली आणि तीन महिन्यांत गेली.

धाकट्या बाईंनी गाणं सोडलं नाही. पण त्या फक्त आपली खालची ओळ म्हणायच्या. थोरलीची ओळ आली की तेवढा वेळ गप्प. पुन्हा आपली ओळ आली की पुन्हा सुरू. लोक त्या मोकळ्या जागेत आपापल्या मनाने गाणं भरून घ्यायचे. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, हे कसलं गाणं? पण काचेपलीकडून ऐकताना माझा हात बटणावर तसाच राहिला.

त्या दिवशी त्यांनी दोघींनी रचलेलं एक गाणं म्हटलं. 'सुई पुढे, दोरा मागे', ही त्यांची ओळ. थोरलीची ओळ, 'दोऱ्यामागे हात कुणाचे'. पहिलं कडवं काही लोकांनी ऐकलेलं होतं. दुसरं कडवं दोघींनी दुकानाबाहेर कधी म्हटलंच नव्हतं. कुठे छापलेलं नाही, कुठे टिपलेलं नाही. हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं, आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"कोण आलंय?"

मास्तर कमरेत वाकून, पदर सावरल्यासारखे आत आले. "मी खुर्च्यांची मावशी. म्हटलं, भाच्या कशा आहेत बघून यावं."

आता सांगा, हे कुणाला सुचेल? खोलीत चार खुर्च्या. मास्तर एकेकीची चौकशी करायला लागले. सूत्रधारांच्या खुर्चीला म्हणाले, "तुझे पाय सुजलेत गं. एवढं कुणाला उचलून धरतेस दिवसभर?" सूत्रधार तेव्हा आजच्यापेक्षा भरलेले होते. धाकट्या बाई डोळे पुसत हसत होत्या. मग मास्तर भिंतीजवळच्या चौथ्या, रिकाम्या खुर्चीकडे गेले. पाठीवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला.

"अगं बाई. हिच्यावर कुणीतरी बसलंय."

"कोण बसलंय?" सूत्रधारांनी विचारलं.

"नाव विचारलं तर खिडकीचं माप सांगतेय."

धाकट्या बाई आणखी हसल्या. म्हणाल्या, "मग आमची ताईच असणार. तिला म्हणावं, दुसरं कडवं म्हण. मला एकटीला म्हणायचा कंटाळा आलाय." आणि हसत हसतच त्यांनी आपली ओळ उचलली, 'शिवता शिवता दिवस सरला'. आणि थांबल्या. नेहमीसारख्या, थोरलीपुरत्या.

आमचा नियम मी सांगितलाच आहे. मास्तरांनी तोंड उघडलं.

'उरल्या टाक्यापाठी मी.'

लोक समजतात की बाईचा आवाज आला असेल. तसं काही झालं नाही. आवाज मास्तरांचाच होता, जरा बसलेला, गाडीत ओरडून ओरडून झालेला. पण सूर बरोबर होता. नुसता बरोबर नव्हता. खालच्या ओळीला जिथे येऊन टेकायचं तिथे टेकलेला. पुढची ओळ बाईंनी म्हटली, त्यापुढची मास्तरांनी, असं कडवं पुरं झालं. 

मग मास्तर सरळ झाले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं? मावशीचं पुढे काय केलं मी?" त्यांना खुर्चीवर हात ठेवल्यापुढचं काहीच आठवत नव्हतं.

धाकट्या बाई मांडीवरचा पदर सारखा करत होत्या. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "शब्द 'मागे' आहे. टाक्यामागे. ती कायम 'पाठी' म्हणायची. वीस वर्षं भांडले मी तिच्याशी यावरून."

तो भाग तुम्ही कुणी ऐकलेला नाही. बाईंनी नको म्हटलं, आणि सूत्रधारांचं कौतुक की त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या आठवड्यात आम्ही जुना भाग लावला, आणि तुमच्यापैकी तिघांनी आळशी म्हणून आमची हजेरी घेतली.

पुढच्या गुरुवारी बाई पुन्हा आल्या. रेकॉर्डिंग तीनला, त्या बारापासून बाकावर बसलेल्या. पाहुणा गेल्यावर मास्तरांना म्हणाल्या, "एकच गाणं." मास्तर हो म्हणाले. त्यापुढच्या गुरुवारी दोन गाणी. मग चार. असे पाच गुरुवार झाले. खोटं कशाला बोलू, त्या काळात बाईंच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. केस नीट विंचरलेले, साडी इस्त्रीची. पण दुकान बंद होतं. पडदे शिवायला टाकलेली माणसं दाराला चिठ्ठ्या लावून जात होती. त्याच सुमारास मी एक गोष्ट केली जी कुणाला सांगितली नव्हती. पहिल्या दिवसाच्या रेकॉर्डिंगची एक प्रत मी गुपचूप बाईंना दिली. त्या मागत होत्या, मला नाही म्हणवलं नाही. ती प्रत त्या दिवसभर ऐकायच्या हे मला नंतर कळलं.

सहाव्या आठवड्यात वहिनी माझ्याकडे आल्या. एकट्याच, सकाळी दहाला. बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे काय चालतं मला माहीत नाही. पण हे घरी खिडक्या मोजतात."

"मोजतात म्हणजे?"

"वितीने. जेवता जेवता उठतात आणि मोजून येतात. दुपारी झोपेत गुणगुणतात. अहो, तीस वर्षांत या माणसाने कधी गुणगुणलं नाही, आणि आता चांगलं गुणगुणतात. मला भीती वाटते ती त्याची." मग जरा थांबून म्हणाल्या, "परवा मला म्हणाले, तुम्ही कोणत्या कापडाचं विचारत होता?"

मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार?

त्याच आठवड्यात गाडीतही एक प्रकार झाला. शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा ब्रेक असतो, तुम्हाला माहीत असेल. एक मुलगी शिकत होती. गाडी रस्त्यात हिसके द्यायला लागली. तिला वाटलं आपलंच चुकतंय. मग तिने खाली पाहिलं. मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर वरखाली, वरखाली होत होता. एका लयीत. शिवणयंत्र चालवावं तसा. मास्तर समोर बघत होते, चेहरा शांत. मागून एक टेम्पो येऊन थांबला तो गाडीपासून हातभर अंतरावर. मुलगी रडत उतरून गेली. त्या दिवसापासून मास्तरांनी गाडी शिकवणं बंद केलं.

मी त्यांना बोलावून घेतलं आणि पुन्हा काचेपलीकडे बसवलं. त्याच वीस जोड्या. वीसच्या वीस बरोबर आल्या. मग मी आवाज पूर्ण बंद केला आणि नुसती बसून राहिले. मास्तरांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा.

मी दार उघडून विचारलं, "काय ऐकू येतंय?"

"कुणीतरी मोजतंय," ते म्हणाले. "दोन मीटर दहा. एक मीटर नव्वद. तुम्ही नाही का लावलेलं?"

त्या दिवशी मी कागदावर टिंब केलं नाही. यंत्राची वायर काढून ठेवली.

मी त्यांना म्हटलं, मास्तर, आता पुरे. ते म्हणाले, "बाईंना नाही कसं म्हणू?" मग मी दुकानावर गेले. मागच्या खोलीत बाई हेडफोन लावून बसल्या होत्या. समोर दोन यंत्रं, एकावर आच्छादन. मी त्यांना सगळं सांगितलं. खिडक्या, वहिनी, ब्रेक, टेम्पो. त्यांनी हेडफोन काढून ठेवला. शेवटी म्हणाल्या, "एकदा येऊ द्या. गाणं नको. मला एकच विचारायचंय."

त्या गुरुवारी आम्ही पाहुणा बोलावला नाही. डॉक्टरसाहेब आले, वहिनी माझ्या शेजारी काचेपाशी बसल्या. मास्तरांनी मला आधीच सांगितलं होतं, "आज मी जागा राहणार. काय होतं ते मला कळलं पाहिजे." मी रेकॉर्डिंग चालू ठेवलं. सवय, दुसरं काय.

मास्तरांनी चौथ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. बाई त्यांच्याकडे न बघता खुर्चीकडे बघून बोलल्या.

"ताई, राहशील का?"

किती वेळ गेला? रेकॉर्डिंगवर तो सोळा सेकंद आहे. तिथे बसलेल्यांना विचाराल तर प्रत्येक जण वेगळं सांगेल. वहिनींनी माझं मनगट धरलं होतं, त्याची खूण दोन दिवस होती. मग मास्तरांच्या तोंडून शब्द आला.

"नाही गं."

बाईंनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या. चप्पल घातली आणि गेल्या. मास्तर तिथेच फरशीवर बसले.

खिडक्या मोजणं त्या दिवसापासून थांबलं. ते झोपेत गुणगुणतही नाहीत. वहिनी म्हणतात, आता घोरतात, आणि मला तेच बरं वाटतं. धाकट्या बाईंनी आठ दिवसांनी दुकान उघडलं. व्यासपीठामागचा हा पडदा त्यांनीच शिवला आहे. कार्यक्रमातही त्या आता दोन्ही ओळी म्हणतात, धाप लागते तरी म्हणतात. वरच्या ओळीत 'पाठी' म्हणतात.

मग मास्तर का चालले? कारण त्यानंतर आमच्या दारावर टकटक झाली तरी कुणी आत येईना. मास्तरच आत यायचे, मास्तर म्हणूनच, आणि उभे राहायचे. दोन महिन्यांनी त्यांनी सूत्रधारांना चिठ्ठी दिली. सूत्रधारांनी मला ती वाचायला दिली होती. त्यात लिहिलं होतं, "एका बाईने आयुष्यात एकच गोष्ट मागितली आणि मी घाबरून नाही म्हणालो. मला बायको दिसली, टेम्पो दिसला, माझा जीव दिसला. ज्या माणसाने असं नाही म्हटलं, त्याने त्या खोलीत बसू नये."

मास्तर, आता इकडे बघा.

ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. तुम्ही कधी ऐकायला मागितलं नाही. मी ऐकलं. एकदा नाही, किती वेळा ते सांगत नाही. तुमच्या माइकवर 'नाही गं' आहे. स्पष्ट आहे. पण त्याच्याखाली, त्याच क्षणी, अगदी दबलेला आणखी एक शब्द आहे. खोलीत तो कुणाला ऐकू आला नाही, तुम्हालाही आला नसेल. तो तुमचा आहे. तुमचा बसलेला घसा, तुमचा श्वास. तो शब्द 'हो' आहे.

एका घशातून एका क्षणी दोन शब्द निघत नाहीत. डॉक्टरसाहेबांचं आयुष्य लोकांच्या घशात बघण्यात गेलंय, त्यांनी ते ऐकलंय, ते इथे बसलेत, मी चूक बोलत असेन तर मला थांबवतील. ते थांबवत नाहीत, हे तुम्ही सगळे बघताच आहात.

गेल्या आठवड्यात मी ते धाकट्या बाईंना ऐकवलं. दोनदा ऐकून त्यांनी हेडफोन काढला. म्हणाल्या, "'नाही' तिचंच आहे. मी काही मागितलं की ताई आधी नाहीच म्हणायची. 'गं' लावून." मग पुन्हा हेडफोन चढवला, तिसऱ्यांदा ऐकलं आणि मला विचारलं, "हे खालचं त्यांचं का? त्या माणसाने हो म्हटलं होतं?" एवढे सगळे गुरुवार मी त्या बाईंना पाहिलं, त्या कधी रडल्या नव्हत्या. त्या दिवशी रडल्या. बहिणीसाठी नाही, मास्तर. तुमच्या त्या शब्दासाठी. आणि मला म्हणाल्या, हे त्यांना माझ्यासमोर सांगा, आणि सगळ्यांसमोर सांगा. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

तुम्हाला वहिनी दिसत होत्या, टेम्पो दिसत होता, जीव दिसत होता, ते खरंच आहे. तरी तुम्ही हो म्हणालात. राहायला नकार दिला तो जिने द्यायचा तिने दिला.

वहिनी, त्यांना जरा पाणी द्या. राहू द्या, घाई नाही.

सूत्रधारांनी घड्याळ दाखवून पाच मिनिटं झाली, आणि आता दाखवायचंही सोडलंय, म्हणून आवरते. खोली दिल्याबद्दल डॉक्टरसाहेबांचे आभार. न विचारता एवढी वर्षं नवरा उसना दिल्याबद्दल वहिनींचे आभार. आज सकाळपासून इथल्या खुर्च्या मांडणारे, माइक लावणारे, चहा बघणारे, या सगळ्यांचे आणि तुम्हा श्रोत्यांचे आभार. आपापल्या घरी बसून तुम्ही हसलात, ते आम्हाला कधी ऐकू आलं नाही, तरी आहे असं धरून आम्ही पुढे बोलत राहिलो.

दुसऱ्यांच्या बोलण्यातले अडखळणे, खोकले, चुका कापून टाकणं हे माझं काम. स्वतःच्या बोलण्यातलं आज मला कापता येत नाही. जास्त झालं असेल, कमी झालं असेल, ते तुम्ही आपल्या मनात कापून घ्या आणि मला माफ करा.

एक चूक मात्र त्यात धरू नका. तो 'हो' मला त्या घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी ऐकू आला होता. मास्तर, तुमची चिठ्ठी माझ्या हातात होती तेव्हा मला ते ठाऊक होतं. तुम्ही दर गुरुवारी थोडे थोडे वाकत होता, ते मी काचेतून बघत होते. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं ते नव्हतं. असं काही माझ्या आयुष्यात पुन्हा ऐकायला मिळणार नव्हतं, आणि ते मला एकटीला ऐकायचं होतं. बाकीच्या चुकांची माफी मी सभागृहाकडे मागितली. या एकीची तुमच्याकडे मागते, आणि तुम्ही काय म्हणाल ते ऐकायला इथेच उभी राहते.